मुलुंडला घर असताना

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजी मला तुमच्याइतकंच येतं. कॉलेजात तोच विषय घेतला होता आणि पुढे निवृत्त होईपर्यंत एका विमा कंपनीचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. पण इंग्रजीत रागावले की मी फार सभ्य होते, समोरच्याला वाटतं ही आभार मानते आहे. तेव्हा मराठीच. तुम्हांला वाचायला वेळ लागेल. लागू दे. अडलं तर बाबांना वाचून दाखवायला सांगा. त्यांनीही हे एकदा मोठ्याने वाचलेलं बरं.

तुम्हां तिघांतला मधला गेल्या आठवड्यात पाठीवर भलीमोठी पिशवी टाकून इकडे आला होता, ते तुम्हांला ठाऊक आहे. त्याने तुम्हांला फोटो पाठवले असतील. तुमच्या आजीला अंधेरीच्या एका दारात कसं उभं केलं, त्याचा फोटो त्यात नसणार. म्हणून हे लिहिणं.

आधी घराचं सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

मुलुंडची आपली इमारत पाडणार आहेत. जागेवर मोठा टॉवर उभा राहील, तोवर आम्ही सगळ्यांनी भाड्याच्या घरात राहायचं. सगळ्याच सोसायट्यांत हे चाललं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घरातलं बहुतेक सामान हलवता येतं. हलवता येत नाही ती गॅलरीतली फळी.

तुमच्या आजोबांनी घर घेतल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती ही. सागवानी फळी, माणूस झोपेल एवढी, एका बाजूने भिंतीत बिजागऱ्यांवर बसवलेली आणि दुसऱ्या बाजूने दोन साखळ्यांनी तोललेली. दिवसा उचलून भिंतीला कडीने अडकवायची, रात्री खाली सोडायची. घर दोन खोल्यांचं आणि आजोबांचं गाव कोकणात. गावाकडून कुणी परीक्षेला येई, कुणी नोकरीच्या मुलाखतीला, कुणी डॉक्टरला दाखवायला. उतरायचं आपल्याकडे आणि झोपायचं फळीवर. आजोबांचे एक चुलतभाऊ सकाळी चहाचा कप हातात घेऊन दरवेळी म्हणायचे, "वैनी, हय झोप बरी लागता हां." मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, लागणारच, पोळ्या मी लाटते आहे ना. पाहुण्यांनी मी कावून जायचे. पण घर असताना आपलं माणूस लॉजमध्ये उतरलं, असं आमच्याकडे कधी घडलं नाही. घडलं असतं तर आजोबांनी गावात तोंड दाखवलं नसतं.

पुढे तुमच्या बाबांनी त्याच फळीवर पालथं पडून अभ्यास केला. तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा मधला सहा वर्षांचा होता. त्याला फळीवर झोपायचं होतं, त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबा म्हणाले, "पडशील रे. मोठा हो, मग ही फळी तुझीच." त्यानंतर थोरली एकदा एकटी आली तेवढीच, आणि आजोबाही राहिले नाहीत.

सुताराला फळी दाखवली. त्याने ठोकून बघितलं आणि सांगितलं, "आजी, ही भिंतीसकटच जाणार. काढायला गेलो तर चिरफळ्या होतील." हे मी तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं. घर महिनाअखेर रिकामं करायचं आहे, तेही सांगितलं. मधला तेव्हा नेपाळात होता, तिथून राजस्थान आणि मग मुंबई, असा त्याचा बेत होता. मी म्हटलं, त्याला सांग, आजीकडे ये आणि एक रात्र फळीवर झोप, आजोबांचा शब्द राहील. बाबा म्हणाले, "सांगतो, आई."

मी बिजागऱ्यांत तेल घातलं. गादीचा अभ्रा धुऊन ठेवला. बाकीचं घर खोक्यांत गेलं तरी गॅलरीला हात लावला नाही.

एका शनिवारी सकाळी त्याचा फोन आला.

"आजी! मी मुंबईत आहे!"

"कुठे? स्टेशनवर? थांब तिथेच, मी रिक्षा घेऊन येते."

"नाही गं, अंधेरीला. हॉस्टेलमध्ये. उद्या येतो ना तुझ्याकडे जेवायला. दोन तास आहेत माझ्याकडे."

"हॉस्टेल? कुठल्या कॉलेजचं?"

तो हसला. हे प्रवाशांचं हॉस्टेल असतं, एका खोलीत आठ जण झोपतात, जगभरचे लोक भेटतात, असं त्याने मला समजावलं. मी विचारलं, "आलास कधी?"

"मंगळवारी."

मी फोन ठेवला. एरवी मी असं करत नाही. मंगळवारपासून हा मुलगा माझ्याच शहरात सात परक्यांबरोबर झोपत होता आणि मी रोज संध्याकाळी गॅलरीतली धूळ पुसत होते. सोमवारी सकाळी त्याची पुढे गोव्याची गाडी होती. म्हणजे उद्याचे दोन तास आणि संपलं. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "नातवाचा फोन वाटतं? कधी येतोय?" मी म्हटलं, "आणायलाच निघालेय." इस्त्रीची साडी नेसले, पर्स घेतली आणि घाटकोपरला जाऊन मेट्रो पकडली.

मेट्रोबद्दल चांगलं बोलायला हवं, कारण त्या दिवशी चांगलं बोलण्यासारखं तेवढंच होतं. एका मुलीने मी न सांगता उठून जागा दिली. चकाल्याला उतरले आणि खाली आले तर रस्ता खणलेला, फुटपाथवर पाइप रचलेले, पाइपांवर माणसं बसलेली. पत्ता विचारत विचारत गल्लीत शिरले. दुमजली बंगली होती. बाहेरच्या भिंतीवर रंगीत चित्रं काढलेली: रिक्षा, डबेवाला, कटिंग चहाचा ग्लास आणि नऊवारीतली एक म्हातारी, नाकात नथ, तोंडाचं बोळकं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, आपलंच घर समजा.

आत काउंटरवर एक मुलगी होती, वीस-बावीसची. मी नातवाचं नाव सांगितलं आणि वर जाते म्हटलं. ती म्हणाली, "आयडी, मॅम?"

मी आधार कार्ड दिलं. तिने ते बघितलं आणि लगेच परत केलं. "सॉरी मॅम, लोकल आयडी नहीं चलता."

"म्हणजे?"

"मतलब मुंबई का अ‍ॅड्रेस है ना आपका. लोकल्स अलाउड नहीं है."

मला वाटलं, तिचा काहीतरी गैरसमज झाला आहे. मी तिला सांगितलं, "बाळ, मला इथे राहायचं नाही. मला माझ्या नातवाला भेटायचं आहे."

"काउंटर के आगे सिर्फ गेस्ट, मॅम. रूल है."

माझ्या मागून एक गोरा मुलगा अनवाणी आला, तिला हाय म्हणाला आणि फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून जिना चढून गेला. त्याला कुणी काही विचारलं नाही. तो गेस्ट होता. मी या शहरात जन्मले, इथेच शिकले, नोकरी केली, कर भरले, नवऱ्याला इथेच पोचवलं. म्हणून मी काउंटरच्या अलीकडे.

नियमांचं मला वावडं नाही. आपल्या सोसायटीत पाहुण्याचं नाव रजिस्टरात लिहा म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागत असे. पण नियमाला काही कारण असावं लागतं. मी कारण विचारलं. ती थोडी चुळबुळली आणि पटकन मराठीत म्हणाली, "आजी, लोकल मुलं पार्टी करायला येतात ना, राडा करतात. पोरी घेऊन येतात. म्हणून वरूनच सांगितलंय."

"तुला मराठी येतं?"

"मी विक्रोळीची आहे."

"मग इतका वेळ हिंदीत काय बोलतेस माझ्याशी? आणि मी कुठल्या पोरी घेऊन आलेय?"

ती ओशाळून हसली, पण जागची हलली नाही. मी म्हटलं, ठीक, वर जात नाही, निदान बाथरूम कुठे आहे ते सांग. मुलुंडहून निघाल्याला बराच वेळ झाला होता आणि माझ्या वयाच्या बाईला हा प्रश्न थांबवून ठेवता येत नाही. ती म्हणाली, "तेही गेस्टसाठीच आहे, आजी. कॅमेरा आहे इथे, माझी वाट लागेल."

मी बाहेर पायरीवर येऊन उभी राहिले. बसले नाही. मागे भिंतीवर ती नथवाली म्हातारी आणि पुढे मी. आत जाणाऱ्या दोन मुलींनी आधी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एकीने मोबाइल वर केला. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने तो खाली केला.

तेवढ्यात मधला आला. अर्धी चड्डी, केस विस्कटलेले, उन्हाने काळवंडलेला, आणि उंच, अगदी आजोबांच्या अंगलटीचा. त्याने मला मिठी मारली. मी मारू दिली. मग त्याला काय झालं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि खांदे उडवून म्हणाला, "हां, त्यांचा रूल आहे, आजी. काय करणार?"

त्या पोरीचा राग मला एवढा आला नव्हता.

समोर एक उडप्याचं हॉटेल होतं. तिथल्या मालकाने न विचारताच बाथरूमकडे बोट दाखवलं. देव त्याचं भलं करो. मी परत आले तेव्हा मधल्याने दोन कॉफ्या मागवल्या होत्या.

"घर असताना तू इथे का उतरलास?" मी विचारलं.

"आजी, रागावू नको."

"रागावून झालंय. उत्तर दे."

"तुझ्याकडे आलो की मला शहर दिसत नाही, नातेवाईक दिसतात. ताई आली होती तेव्हा तू तिला किती घरी नेलंस! रोज पोहे. ती म्हणते, मुंबईत तिने फक्त सोफे बघितले."

थोरले, हे तू म्हणालीस, त्याचा हिशेब वेगळा करू. मी त्याला विचारलं, मग इथे राहून शहर दिसलं का?

दिसलं म्हणाला. आणि सांगायला लागला. पहिल्याच दिवशी अंधेरी स्टेशनबाहेर मोबाइलवर नकाशा बघत उभा होता, मागून एकाने ढकललं, "अबे हट ना, खंबे जैसा खडा है!" बाजूला सरकला तो थेट उघड्या गटारात, गुडघ्यापर्यंत. वडापावच्या गाडीवरच्या बाईने त्याला कॉलरला धरून बाहेर काढलं, बादलीभर पाणी त्याच्या पायावर ओतलं आणि वर म्हणाली, "डोळे काय घरी ठेवून आलास काय रे?" मग वडापाव दिला. घाटकोपरच्या बाजारात त्याच्या मराठीला लोक हसले. बोरीवलीच्या बसमध्ये एका गृहस्थाने त्याला फैलावर घेतलं, की मराठी नाव लावतोस आणि धड बोलता येत नाही, लाज वाटत नाही का. तेच गृहस्थ उतरताना त्याला नॅशनल पार्कच्या गेटापर्यंत सोडून आले. पार्कात माकडाने त्याची बिस्किटं पळवली आणि सहलीला आलेल्या बायकांनी त्याला आपल्या डब्यातले थेपले खाऊ घातले.

"तिकडे मेलबर्नमध्ये मला कुणी ढकलत नाही," तो म्हणाला, "आणि कुणी खायलाही घालत नाही. पण आजी, शहर घाण आहे हं. आणि काय आवाज! लोक कसे राहतात इथे?"

"लोक म्हणजे मी," मी म्हटलं. "या शहराला शिव्या घालायच्या तर मी घालीन. ते गटार उघडं आहे म्हणून मी महापालिकेला पत्रं लिहीन. तू पाच दिवसांचा पाहुणा, तोही माझा नाही, त्या काउंटरवाल्यांचा. तू गप्प बस."

त्याने कॉफी ढवळली. मग खाली मान घालून म्हणाला, "त्यांनी मला पण थांबवलं होतं. पहिल्या दिवशी. चेहरा बघून. पासपोर्ट दाखवला तेव्हा आत घेतलं."

"आणि तरी तू तिथे राहिलास?"

"बुक केलं होतं ना."

हे तुमचं शिक्षण. मी कॉफी संपवली. मग विषय बदलायला विचारलं, "आठ जण झोपता कसे एका खोलीत?"

"बंक असतात. लाकडी फळी, वर पातळ गादी, एका बाजूला भिंत."

"फळी," मी म्हटलं.

"हां, फळी. छान झोप लागते."

त्यावर मी जे बोलले ते हॉटेलातल्या सगळ्या वेटरांनी ऐकलं. घर महिनाअखेर जाणार, तुझ्या आजोबांनी तुझ्यासाठी ठेवलेली फळी भिंतीबरोबर फुटणार, आणि तू पाच दिवस अंधेरीत दुसऱ्याच्या फळीवर झोपतोस! त्याचा चेहरा उतरला. "कुठलं घर जाणार?"

त्याला माहीतच नव्हतं. "सांगतो, आई" म्हणालेल्या तुमच्या बाबांनी त्याला सांगितलंच नव्हतं. नंतर म्हणाले, पोर मजेत फिरतंय, उगाच त्याचा मूड कशाला घालवायचा. तुम्ही तरी हे कुणाकडून ऐकलं होतं का? नसणार.

मग तो चिडला. माझ्यावर. "तू मला का नाही सांगितलंस? माझा नंबर आहे तुझ्याकडे! रोज गुड मॉर्निंग पाठवतेस, फुलांचे फोटो पाठवतेस, आणि घर पाडतायत हे नाही सांगत?"

"तुझ्या बापाला सांगितलं होतं."

"मी बाबा नाहीये!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "आरामसे, आरामसे." आम्ही दोघांनी एकदमच त्याला "तुम्ही मध्ये बोलू नका" म्हटलं. मधल्याने ते बिनचूक मराठीत म्हटलं.

तो तडक उठून हॉस्टेलात गेला. मी पुन्हा पायरीवर. दहाएक मिनिटांत पिशवी घेऊन खाली आला. काउंटरवरची मुलगी त्याला म्हणाली, "सर, रिव्ह्यू डालना प्लीज, फाइव्ह स्टार." तो थांबला. मग त्याच्या त्या तुटक्या मराठीत म्हणाला, "माझी आजी इथे उभी राहिली. तिला बाथरूम नाही दिला. ते लिहू का स्टारमध्ये?" मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी, आजी." तिचा दोष फारसा नव्हता. पण मी "असू दे" म्हटलं नाही. सगळ्यालाच असू दे म्हणत गेलो म्हणून ही वेळ आली आहे.

पिशवी पाठीवर टाकून तो माझ्याबरोबर मुलुंडला निघाला. घरी आला, खोकी बघितली, खोक्यांमधून वाट काढत थेट गॅलरीत गेला. कडी त्याने स्वतःच काढली. फळी खाली आली तशी साखळ्या ताठ झाल्या आणि भिंतीतून थोडी माती पडली. हात न धुता, कपडे न बदलता तो आडवा झाला. त्याचे पाय घोट्यांच्याही वरपर्यंत फळीच्या बाहेर लोंबायला लागले. आजोबांनी माप धरलं होतं गावाकडच्या माणसांचं.

"मावत नाही," मी म्हटलं.

"मावतो," तो म्हणाला, आणि पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुपारी चारला शेजारच्या काकू आल्या. हातात खोबऱ्याच्या वड्यांची ताटली आणि मागे दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी. "आला म्हणे नातू! बघू तरी केवढा झालाय." त्याच्यासाठी मी आठवडाभर याच बायकांना तयार करून ठेवलं होतं. कुणाकडे चहा, कुणाकडे जेवण, सगळं ठरलेलं होतं. मी दार अर्धंच उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले.

"झोपलाय," मी म्हटलं. "आत्ता कुणालाही आत सोडता येणार नाही."

"अगं, लांबूनच बघतो, उठवत नाही."

"नाही म्हटलं ना."

काकूंचा चेहरा पडला. ताटली मात्र त्यांनी माझ्या हातात दिली. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत आणि आता आम्ही दोघी वेगवेगळ्या भाड्याच्या घरांत जाणार, म्हणजे ते तसंच राहणार.

तो रात्रीही तिथेच झोपला. रविवारी दिवसभर तिथेच बसून वड्या खाल्ल्या आणि मला खोकी बांधायला मदत केली, वाईट बांधली, मी पुन्हा बांधली. सोमवारी पाठ धरली आहे म्हणून कण्हत गोव्याला गेला. जाताना पाया पडला आणि म्हणाला, "अजून रागावली आहेस?" मी हो म्हटलं. अजूनही आहे. त्याच्यावर, त्या पायरीवर, त्या भिंतीवरच्या म्हातारीवर आणि सगळ्यांत जास्त तुमच्या बाबांवर.

थोरली आणि धाकटा, तुम्ही दोघं त्या फळीवर आता कधीच झोपणार नाही. तुम्हांला वाईट वाटावं म्हणूनच हे लिहिलं आहे. इकडे याल तेव्हा पाठीवर काय वाटेल ते घेऊन या, हवं तिथे फिरा, गटारात पडा, मी कुठल्याही सोफ्यावर नेणार नाही. पण उतरायचं माझ्याकडे. नव्या जागेचा पत्ता मी तुमच्या बाबांना कळवला आहे. त्यांनी सांगितला नसेल, तर मला विचारा.